खालची जमीन, पुढची जमीन

जमिनीपासून आपण किती उंचीवर आहोत, हे ड्रोनला आपसूक कळत नाही. रिमोटच्या पडद्यावर उंचीचा आकडा दिसतो, ड्रोन वर गेला की वाढतो, खाली आला की उतरतो. त्यामुळे यंत्राला खालची जमीन दिसते आहे, अशी पायलटची समजूत होते. प्रत्यक्षात तो आकडा बहुतेक वेळा हवेच्या दाबावरून काढलेला असतो आणि जिथून उड्डाण केले त्या जागेपासून मोजलेला असतो. सोलापूरकडच्या सपाट माळावर याने काही बिघडत नाही. मुळशीच्या किंवा जव्हारच्या उतारावर बिघडते. पायथ्याशी टेक-ऑफ घेऊन १०० मीटर उंचीवर सर्वेक्षण सुरू केले आणि वाटेत ४० मीटरची टेकडी आली, तर माथ्यावर ड्रोन जमिनीपासून ६० मीटरवरच उरतो. कॅमेऱ्याच्या चौकटीत मावणारी जमीन त्याच प्रमाणात आकसते आणि ७५ टक्के ठेवलेला फोटोंचा ओव्हरलॅप ५८ टक्क्यांवर येतो. पडद्यावर तेवढ्या वेळात १०० हाच आकडा असतो. उलट बाजूने, माथ्यावरून उड्डाण करून दरीकडे गेले तर पडद्यावर ५० मीटर दिसत असताना खाली २०० मीटरची पोकळी असू शकते. ऑगस्ट २०२१च्या ड्रोन नियमांनी हरित क्षेत्रासाठी आखलेली १२० मीटरची, म्हणजे ४०० फुटांची मर्यादा अशा वेळी पायलटच्या नकळत ओलांडली जाते.

जमिनीच्या चढउताराप्रमाणे ड्रोनने स्वतःची उंची कमीजास्त करत राहावे, याला पायलटांच्या बोलण्यात ‘टेरेन फॉलो’ म्हणतात. त्यासाठी ड्रोनच्या पोटाला बसवायचा लहानसा लेझर उंचीमापक, म्हणजे लिडार रेंजफाइंडर, आता इतका हलका आणि आवाक्यातला झाला आहे की फवारणीच्या ड्रोनपासून हौशी पोरांनी घरी जोडलेल्या चौपंखी यंत्रापर्यंत तो सगळीकडे दिसतो. तो काय करू शकतो, हे त्याच्या माहितीपत्रकात छापलेले असते. तो काय करू शकत नाही, हे शेतात आणि डोंगरात कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. ही पुस्तिका त्या दुसऱ्या बाजूविषयी आहे.

तिच्यात सांगायची मुख्य गोष्ट एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. लिडार रेंजफाइंडर एका प्रश्नाचे उत्तर देतो: माझे तोंड ज्या दिशेला आहे त्या रेषेवर, पुरेसा प्रकाश परत पाठवणारे काहीतरी किती अंतरावर आहे? ड्रोनला हवे असते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर: आणखी दोन-तीन सेकंदांनी मी जिथे असेन, तिथली जमीन किती उंच आहे? सपाट, कोरड्या, उघड्या जमिनीवर दोन्ही उत्तरे जुळतात. जमीन बदलली की ती एकमेकांपासून दूर जातात. पुढे येणारी प्रत्येक मर्यादा या दोन उत्तरांमधल्या अंतरातून निघाली आहे. त्यामुळे अधिक महाग सेन्सर आणून ती सगळी मिटत नाही.

आधी बाकीची साधने पाहू, कारण लिडार त्यांच्या उणिवा भरून काढायला आला. बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो. समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेले की दाब साधारण १२ पास्कलने उतरतो. पण ड्रोन जागचा हलला नाही तरी दाब बदलत असतो. आपल्या पट्ट्यात तो सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. दिवसभरातला हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा, म्हणजे उंचीत पंचवीस-तीस मीटरचा. वीस मिनिटांच्या उड्डाणाच्या वाट्याला त्यातला मीटर-दीड मीटर येतो. नकाशासाठी फोटो काढताना ही चूक चालून जाते. पिकाच्या शेंड्यावर दोन-तीन मीटरवरून फवारणी करताना ती निम्म्या उंचीची चूक ठरते. जीपीएसची उंचीही साध्या यंत्रात काही मीटर इकडेतिकडे होते. आरटीके, म्हणजे जमिनीवरच्या केंद्राकडून दुरुस्ती घेणारी सोय, जोडली तर ती सेंटिमीटरपर्यंत येते, पण तरीही ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजलेली उंची असते. खाली शेत आहे की दरी, हे जीपीएसला ठाऊक नसते.

ते ठाऊक असते नकाशाला. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची टिपली. एसआरटीएम नावाने ओळखली जाणारी ही माहिती आज जगभर फुकट मिळते. आपल्याकडे कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या चित्रांवरून तयार झालेला उंचीचा नकाशा ‘भुवन’ या संकेतस्थळावर आहे. दोन्हींची जाळी साधारण ३० मीटरची. म्हणजे जाळीच्या एका चौकोनात जे काही आहे, त्याला मिळून एकच उंची. आर्डुपायलट हे मुक्त उड्डाण-सॉफ्टवेअर तर मूळ मांडणीत १०० मीटरची जाळी घेते. एसआरटीएमच्या उंचीत १६ मीटरपर्यंतची चूक मोहिमेनेच गृहीत धरली होती. शिवाय रडारला दाट जंगलात जमीन दिसत नाही, झाडांचा वरचा थर दिसतो. आणि गेल्या पंचवीस वर्षांत खोदलेल्या खडीच्या खाणी, घाटातली कटिंग, धरणांचे भराव त्या नकाशात नाहीत. सह्याद्रीचा ताशीव कडा ३० मीटरच्या चौकोनात उताराएवढा मवाळ होऊन बसतो.

दाब डळमळतो, उपग्रहाला जमीन ठाऊक नाही, नकाशा जुना आणि जाडाभरडा. या तिन्हींच्या मधल्या जागेत लिडार येऊन बसला. तो जमिनीकडे आज, आत्ता पाहतो.

त्याचे काम ऐकायला सोपे आहे. प्रकाशाचा झटका खाली सोडायचा, तो आपटून परत यायला लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचे. अवघड आहे तो वेळ मोजणे. दहा मीटरवरून प्रकाश सुमारे ६७ नॅनोसेकंदांत जाऊन येतो. एक सेंटिमीटरचा फरक ओळखायचा तर ६७ पिकोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. हे काम आजचे इलेक्ट्रॉनिक्स लीलया करते. घड्याळाच्या बाजूने या यंत्राला नावे ठेवायला जागा नाही. अडते ते परत येणाऱ्या प्रकाशापाशी. जमिनीवर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. त्यातला किंचितसा भाग सेन्सरच्या भिंगात शिरतो, आणि अंतर दुप्पट झाले की तो एक चतुर्थांश उरतो. एवढ्याशा प्रकाशात आपला झटका कोणता आणि उन्हाचा कोणता, हे यंत्राला ओळखायचे असते.

म्हणून माहितीपत्रकातला पल्ला वाचताना त्याच्या शेजारची बारीक ओळ वाचावी. हौशी ड्रोनांत बरीच वर्षे वापरला गेलेला गार्मिनचा लिडार-लाइट ४० मीटरचा म्हणून विकला जातो. तो आकडा ७० टक्के प्रकाश परत पाठवणाऱ्या पृष्ठभागासाठी आहे. पृष्ठभाग १० टक्केच प्रकाश परत देत असेल तर नुसत्या हिशेबाने पल्ला १५ मीटरच्या आसपास येतो, आणि त्या हिशेबात अजून ऊन धरलेले नाही. आपल्याकडे हा फरक पुस्तकी राहत नाही. हे सेन्सर बहुधा ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरतात. हिरवे पान या प्रकाशाला चांगलेच उजळ असते, त्याचा निम्म्याच्या जवळपास भाग परत पाठवते. पावसाने भिजलेली काळी कसदार जमीन त्यातला बराचसा गिळून टाकते. म्हणजे एकाच गावात, एकाच सकाळी, उभ्या सोयाबीनवर चालणारा सेन्सर शेजारच्या नुकत्या नांगरलेल्या ओल्या रानावर मुका होऊ शकतो. सेन्सर बिघडला असे समजून पायलट तारा तपासत बसतो. तारांना काही झालेले नसते. एप्रिलच्या दुपारी उजळ मुरमाच्या माळावर वेगळीच गंमत होते. जमीन प्रकाश भरपूर परत देते, पण त्यात सूर्याचा वाटा इतका असतो की सेन्सरचा स्वतःचा झटका त्या गर्दीत हरवतो.

पाणी ही याहून वेगळी जात. शांत पाण्यावर सरळ पडलेल्या प्रकाशातला जेमतेम दोन टक्के भाग पृष्ठभागावरून परततो, तोही विखरून न येता आरशातल्यासारखा एकाच दिशेने. ड्रोन अगदी समतल असेल तर तो सेन्सरकडे येईलही. ड्रोन २० अंश कलला की किरण ४० अंशांनी भलतीकडे जातो आणि सेन्सरला खाली काहीच नाही असे वाटते. उरलेला प्रकाश पाण्यात शिरतो आणि थोड्याच खोलीत शोषला जातो. समुद्रतळ मोजणारे लिडार म्हणूनच ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश वापरतात. गंमत अशी की गढूळ, लाटांनी हललेल्या पाण्यावर हाच सेन्सर बऱ्यापैकी काम देतो, कारण मातीचे कण आणि लाटा प्रकाश विखुरतात. त्यामुळे ‘काल नदीवर चालला होता’ हा पुरावा आजच्या शेततळ्याला लागू पडत नाही. काळ्या प्लास्टिकचे अस्तर आणि निवळलेले पाणी असलेले शेततळे, लावणीच्या दिवसांतली कोकणातली भातखाचरे, धरणाचा पसरलेला फुगवटा या जागा उड्डाणाच्या आराखड्यात आधीच वेगळ्या रंगाने दाखवाव्यात.

प्रकाश नीट परतला, अंतरही अचूक आले, असे धरू. मग प्रश्न येतो: अंतर कशाचे? ऊस हे याचे उत्तम उदाहरण. चार-पाच फुटांची सरी, तीन मीटर वाढलेला ऊस, वर हलणारी लांब पाने. लिडार-लाइटसारख्या सेन्सरचा झोत ८ मिलिरेडियन पसरतो. तीन मीटर खाली त्याचा ठिपका अडीच सेंटिमीटरचा. तो कधी पानावर पडतो, कधी दोन पानांतून पाचटापर्यंत पोहोचतो. भरीस भर म्हणजे ड्रोनच्या पंख्यांचा वारा नेमकी खालचीच पाने बाजूला सारतो. एका क्षणाला तीन मीटर, पुढच्या क्षणाला सहा मीटर. यंत्राने दुसरा आकडा खरा मानला तर ते उसात शिरायला निघेल. लागणीनंतर महिन्याभरात याच शेतात हाच सेन्सर माती मोजत होता आणि तोडणीच्या आधी शेंडे मोजतो आहे. पडद्यावर दोन्ही वेळा ‘३ मीटर’च लिहिलेले. काही सेन्सर एकाच झटक्याच्या पहिल्या आणि शेवटच्या परताव्यांपैकी कोणता घ्यायचा ते निवडू देतात. ती निवड पायलटच्या कामावर ठरते. फवारणी करणाऱ्याला शेंडा हवा असतो, म्हणजे पहिला परतावा. नकाशा करणाऱ्याला जमीन हवी असते, आणि बांधावरच्या प्रत्येक बाभळीवरून ड्रोनने उडी मारावी हे त्याला नको असते. सेन्सरला या दोन कामांतला भेद कळत नाही. तो आपल्यालाच त्याला सांगावा लागतो.

हवेत तरंगणाऱ्या गोष्टीही पृष्ठभाग म्हणून मोजल्या जातात. फवारणीचे तुषार, पंख्यांनी उडवलेली धूळ, नाशिककडच्या द्राक्षबागांवर थंडीत पहाटे उतरणारे धुके. या कणांवरून परतलेला प्रकाश जमिनीच्या आधी पोहोचतो आणि सेन्सर सांगतो, जमीन एक मीटरवर आली. ड्रोन दचकून वर जातो. उलट, जे दिसायला हवे ते दिसत नाही. शेतावरून गेलेली विजेची तार किरणाच्या ठिपक्यातून पळभर सरकते आणि खाली पाहणाऱ्या सेन्सरला समोरची तार दिसण्याचा तर प्रश्नच नाही. टेरेन फॉलो चालू आहे म्हणजे ड्रोन अडथळे चुकवेल, हा गैरसमज फार पसरलेला आहे. या पुस्तिकेमुळे तो एवढा एक जरी दूर झाला तरी पुरे.

आता भूमितीकडे येऊ. माझ्या मते सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वांत जास्त नडणारा भाग हा. चार-सहा पंखांचा ड्रोन पुढे जाण्यासाठी नाक खाली घालून कलतो. त्याचे डोके पुढे झुकले की पोट मागे वळते. पोटाला घट्ट बसवलेला सेन्सर त्यामुळे खाली न पाहता मागे पाहू लागतो. विहिरीत सोडलेला पोहरा वाऱ्याने तिरका गेला तर दोराची लांबी खोलीपेक्षा जास्त भरते, तसे येथेही होते: २० अंश कललेला ड्रोन १० मीटरवर असेल तर किरण १०.६ मीटर लांबीचा भरतो आणि जमिनीवर ३.६ मीटर मागे टेकतो. सॉफ्टवेअर कलाचा कोन जाणते, त्यावरून लांबी दुरुस्त करून १० मीटर काढते. ही दुरुस्ती जमीन सपाट आहे असे धरून केलेली असते.

जमिनीला १५ अंशांचा चढ असेल तर काय होते ते पाहा. ड्रोनच्या बरोबर खाली जमीन १० मीटरवर आहे. मागचा ठिपका चढाच्या खालच्या बाजूला पडतो, तिथे जमीन खोल आहे. किरण ११.८ मीटर भरतो, दुरुस्त उंची ११.१ येते. ड्रोनला वाटते आपण मीटरभर जास्त वर आहोत, म्हणून तो चढ समोर असताना खाली उतरतो. ओळीच्या शेवटी पायलट ब्रेक लावतो, ड्रोन नाक वर करतो, किरण पुढे फेकला जातो. आता ठिपका चढाच्या वरच्या भागावर पडतो आणि त्याच जागी, त्याच उंचीवर दुरुस्त आकडा येतो ९.१. ड्रोन एक वीतही हलला नाही, पण त्याच्या लेखी उंचीत दोन मीटरचा फरक पडला. ताल पाडलेल्या शेतांवर फवारणी करताना प्रत्येक ओळीच्या टोकाला ड्रोन जो गचका खातो, त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते. सेन्सर गिंबलवर, म्हणजे ड्रोन कलला तरी सरळ राहणाऱ्या बैठकीवर, बसवला, किंवा थोडा पुढच्या बाजूला कलता बसवला, तर हा दोष बराच कमी होतो. ट्यूनिंगचे आकडे कितीही फिरवले तरी होत नाही.

भूमितीमागोमाग वेळ येतो. आकडे उड्या मारतात म्हणून सॉफ्टवेअर त्यांना गाळते: मागच्या काही नोंदींचा मधला आकडा घेते, एकदम वेगळी आलेली नोंद टाकून देते. गाळण्याला वेळ लागतो. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला आणि ड्रोन ताशी ३० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ८ मीटरने जात असेल, तर हातात आलेली उंची ४ मीटर मागच्या जमिनीची असते. आधीच मागे पाहणारा सेन्सर, त्यात हा उशीर. गाळण कमी केली तर ऊस नाचवतो, वाढवली तर टेकडी आपटवते. यातून सुटका वेगाने होते, तीही वेग कमी करूनच. ३० अंशांच्या चढावर सेकंदाला ८ मीटरने जायचे तर सेकंदाला ४.६ मीटर वर चढावे लागते. आर्डुपायलटमध्ये चढण्याचा वेग मूळ मांडणीत २.५ मीटरवर बांधलेला असतो. म्हणजे सेन्सर निर्दोष असता तरी ड्रोन त्या चढाला भिडलाच असता. तिथे आडवा वेग सव्वाचार मीटरच्या आत ठेवावा लागतो. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो आणि उड्डाणाआधी क्वचितच केला जातो.

कडा हे याचे टोक. पठारावरून ४० मीटर उंचीने जाणारा ड्रोन काठ ओलांडतो आणि खालची जमीन एका क्षणात तीनशे मीटरवर जाते. सेन्सरकडून उत्तर येणे थांबते. आता यंत्राने काय करावे? शेवटची उंची धरून पुढे जावे, जमीन शोधत खाली जावे, की परत फिरावे? आर्डुपायलटसारखी सॉफ्टवेअर काही सेकंद वाट पाहून ड्रोनला घरी पाठवतात, पण परतीची उंची सहसा टेक-ऑफच्या जागेवरून धरलेली असते आणि वाटेत आडवी आलेली डोंगराची सोंड त्या आकड्याला माहीत नसते. ‘उत्तर नाही’ याचा अर्थ ‘जमीन लांब आहे’ असाही होतो आणि ‘जमीन काळी, ओली किंवा पाण्याखाली आहे’ असाही. यंत्राला दोन्ही सारखेच दिसतात. पायलटला ते वेगळे करता यायला हवेत, आणि तेही उड्डाणाच्या आधी.

या सगळ्याचा सर्वांत लांबवर झालेला प्रयोग मंगळावर झाला. नासाचे ‘इंजेन्युइटी’ हे छोटे हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ रोजी जेझेरो विवरात पहिल्यांदा उडाले, तेव्हा त्याच्या पोटाला गार्मिनचा लिडार-लाइटच होता, आपल्याकडची पोरे घरच्या ड्रोनला लावतात त्याच जातीचा. पाच उड्डाणांसाठी बांधलेल्या त्या यंत्राची दिशा ओळखण्याची पद्धत जमीन सपाट आहे या गृहीतकावर उभी होती: कॅमेरा जमिनीवरच्या खुणा टिपणार, लेझर उंची सांगणार, दोन्हींवरून वेग निघणार. ५ जुलै २०२१ च्या नवव्या उड्डाणात त्याला झिजलेल्या विवरातून आणि वाळूच्या उंचसखल पट्ट्यावरून ६२५ मीटर न्यायचे होते. सपाटीचे गृहीतक तिथे टिकणार नाही, हे अभियंत्यांना आधीच ठाऊक होते. म्हणून जिथे जमीन एकदम उतरते त्या टप्प्यावर त्यांनी वेग कमी ठेवला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे सॉफ्टवेअर पाठवून त्यांनी हेलिकॉप्टरच्या स्मरणात जमिनीच्या उंचीचा नकाशा घातला. सेन्सर तोच राहिला. त्याला पुढची जमीन कशी आहे याची पूर्वकल्पना मिळाली. जानेवारी २०२४ पर्यंत ते यंत्र ७२ वेळा उडाले. शेवटचा अपघात खुणा नसलेल्या वाळूवर कॅमेऱ्याला वेग न कळल्याने झाला, तो उंचीमापकाचा दोष नव्हता.

दुसरे उदाहरण घरचे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चंद्रयान-३ च्या ‘विक्रम’वर लेझरचा आणि रेडिओलहरींचा, असे दोन्ही उंचीमापक होते. एकच जमीन दोन वेगळ्या तरंगांनी पाहावी, हा विचार शेतातल्या ड्रोनलाही तितकाच लागू आहे. फवारणीच्या ड्रोनांत २४ किंवा ७७ गिगाहर्ट्झचे रडार बसवू लागले ते याच कारणाने. या लहरींची लांबी १२ आणि ४ मिलिमीटरच्या आसपास. तुषाराचा थेंब किंवा धुळीचा कण त्यांच्यापुढे फारच लहान, म्हणून त्या त्यातून पार जातात. लेझरच्या प्रकाशाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून थोडी कमी, त्याला तोच कण भिंतीसारखा अडवतो. रडारचा झोत रुंद असल्याने उसाच्या हलत्या पानांची आपोआप सरासरी निघते, आणि पाणी त्याला ठळक दिसते. पण ती रुंदीच त्याची अडचण आहे: अरुंद बांध, एकटे झाड किंवा शेडनेटचा लोखंडी सांगाडा झोताच्या कडेला आला तरी आकडा बिघडतो. मर्यादा नसलेले साधन नाही. वेगवेगळ्या ठिकाणी नडणारी दोन साधने जवळ असावीत, एवढेच आपल्या हाती असते.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे: प्रकाश आणि पृष्ठभाग, पीक आणि हवा, कल आणि उतार, वेग आणि उशीर, आणि शेवटी नकाशा, लिडार, रडार, बॅरोमीटर यांची कामाप्रमाणे वाटणी. थोडक्यात ती वाटणी अशी: डोंगराळ भागात फोटो काढताना मार्ग नकाशावरून ठरवावा आणि लिडारला फक्त राखणदार म्हणून ठेवावे, ठरल्यापेक्षा जमीन जवळ आली तरच त्याने बोलावे. पिकावर फवारणी करताना रडार किंवा लिडार प्रमुख, आणि बॅरोमीटर उडी मारणाऱ्या आकड्यांना आवर घालायला. पाण्यावर लिडारचे ऐकू नये. उतरताना, शेवटच्या काही मीटरांत, कोरड्या उघड्या जमिनीवर त्याच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही.

वाचक म्हणून माझ्यासमोर दोन प्रकारचे लोक आहेत. एक, गावठाणाची, खाणीची किंवा पाणलोटाची मोजणी करणारे सर्वेक्षक. दुसरे, फवारणी करणारे पायलट. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले, तेव्हापासून त्यांत बायकांची संख्या वाढते आहे. त्यांना प्रशिक्षणात उड्डाण शिकवले जाते, नियम शिकवले जातात, औषधाचे प्रमाण शिकवले जाते. सेन्सर कुठे खोटे बोलतो, हे सहसा अनुभवावर सोडलेले असते. गणिताची भीती बाळगू नये. या पुस्तिकेतले सर्वांत अवघड गणित दहावीच्या त्रिकोणमितीपुढे जात नाही.

एक काम मात्र वाचकाने स्वतः करायचे आहे. ड्रोन न उडवता, सेन्सर लांब बांबूच्या टोकाला किंवा गच्चीच्या कठड्याला उलटा बांधून, उंची टेपने मोजून घ्यावी. मग आपल्या भागातले पृष्ठभाग त्याच्याखाली आणावेत: कोरडी काळी माती, तीच भिजवून, मुरूम, पाचट, हिरवे पीक, परातीत भरलेले स्वच्छ पाणी, तेच गढूळ करून. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी. सेन्सर सरळ ठेवून आणि २० अंश कलवून. जे आकडे येतील ते वहीत लिहावेत आणि ऋतू बदलला की पुन्हा लिहावेत. बांबूएवढ्या उंचीवरही ज्या पृष्ठभागाने आकडे नाचवले किंवा उत्तरच दिले नाही, त्याच्यावर आकाशात अधिक भरवसा ठेवण्याचे कारण नाही. कारखान्याचा तक्ता कारखान्याच्या भिंतीपुढे तयार झालेला असतो. आपल्या मातीचा तक्ता आपल्यालाच करावा लागतो. पुढची प्रकरणे तो तक्ता शेजारी ठेवून वाचली तर त्यांतला प्रत्येक आकडा कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे वाचकाला माझ्यापेक्षा चांगले सांगता येईल.